आधी भोक मोजा, मग पैसे मोजा : घरच्या जिमसाठी वजनं घेताना

अमळनेरला आमच्या घरामागे पत्र्याचं शेड आहे. पूर्वी तिथे कापूस भरून ठेवायचे. आता तिथे माझा रॉड, प्लेटा, स्टँड आणि एक बेंच आहे. हे सगळं मी दोनदा विकत घेतलं, म्हणून हा लेख लिहितोय.

पहिली खरेदी दिवाळीतली. एका खोक्यात सगळं : तीन रॉड, पन्नास किलोच्या प्लेटा, वर हातमोजे आणि उड्या मारायची दोरी फुकट. आजीने खोकं पाहिलं आणि विचारलं, "हाई लोखंड कसाले लयना रे भाऊ?" तिला उत्तर देता आलं नाही, आणि पुढे कळलं की प्रश्नातच चूक होती. ते लोखंड नव्हतंच. प्लास्टिकच्या कवचात भरलेलं सिमेंट होतं. चार महिन्यांत एक प्लेट तडकली, भुगा सांडायला लागला, आणि रॉड रावेरच्या केळ्यासारखा वाकला.

दुसरी खरेदी मी आठ महिने घेत घेत, एकेक वस्तू करून केली. ती आजही तशीच आहे.

ज्यांना घरी बैठका (स्क्वॉट), बेंच प्रेस (बेंचवर आडवं होऊन छातीवरून रॉड वर ढकलणं), डेडलिफ्ट (रॉड जमिनीवरून उचलून ताठ उभं राहणं) आणि डोक्यावर वजन ढकलणं एवढं करायचंय आणि ज्यांनी आजवर रॉडला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे आहे. स्नॅच आणि क्लीन-जर्क म्हणजे स्पर्धेतलं खरं वेटलिफ्टिंग शिकायचं असेल, तर सामानाआधी प्रशिक्षक शोधा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारलंत तर निदान कुठे चौकशी करायची ते कळेल. आणि रक्तदाब, हर्निया, कंबर किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, तर आधी डॉक्टर, मग दुकान.

१. पहिला महिना दुकानात जाऊच नका

उत्साहाच्या भरात घेतलेलं सामान तिसऱ्या महिन्यात कपडे वाळत घालायच्या कामी येतं. त्यामुळे एक महिना बिनपैशाचा व्यायाम करा. आमच्याकडे तालमीत मुलगा गेला की त्याला महिनोन्‌महिने जोर आणि बैठकाच काढायला लावतात. चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. कुस्तीच्या तयारीचा पाया याच जोर-बैठकांचा असतो, लोखंड नंतर येतं.

जोर आणि बैठका अंगवळणी पडल्या की गव्हाचं पंचवीस किलोचं पोतं छातीशी कवटाळून बैठका काढा. बरोबरीने एक इंची पीव्हीसी पाइपचा सात फुटी तुकडा आणा. जळगाव जिल्ह्यात पाइपाला काय तोटा! शेतात ठिबक टाकून उरलेला एखादा तुकडा कोपऱ्यात पडलेला असतोच. तो खांद्यावर घेऊन बैठक, तो डोक्यावर ढकलणं, तो जमिनीवरून उचलणं, असा रोज दहा मिनिटं सराव करा. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि स्वतःची पाठ बघा. मला वाटत होतं माझी पाठ सरळ आहे. व्हिडिओत ती पाणी ओढणाऱ्या बाईच्या पाठीसारखी कमानदार दिसली.

कॅलेंडरवर खुणा करा. महिन्यात बारा खुणा झाल्या तर पुढचं वाचा. झाल्या नाहीत तर पैसे वाचले.

२. टेप घेऊन जागा मोजा

प्रमाणित रॉड २२० सेंटीमीटर लांब असतो, म्हणजे सात फूट अडीच इंच. पण जागा तेवढी पुरत नाही, कारण दोन्ही टोकांनी प्लेटा सरकवायला हात फिरायला हवा. दहा फूट रुंदी धरा. खोली मागेपुढे आठ फूट असली तर चालतं.

उंचीचं गणित लोक विसरतात. माझी उंची पाच फूट सात इंच. हात वर ताठ केले की रॉड सात फुटांच्या आसपास जातो. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर, म्हणजे रॉडच्या वर आणखी नऊ इंच. एकूण पावणेआठ फूट झाले. जुन्या धाब्याच्या घरात किंवा पंखा टांगलेल्या खोलीत हे जमत नाही. जमत नसेल तर डोक्यावर ढकलायचा व्यायाम अंगणात करा किंवा खाली बसून करा, पण पंख्याखाली नको.

गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर करणार असाल तर एक आकडा लक्षात ठेवा. राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरून आखलेला असतो. रॉड, प्लेटा, स्टँड आणि तुम्ही एवढं वजन पसरून ठेवलं तर चांगल्या बांधकामाला सहसा जड जात नाही. त्रास होतो तो आपटण्याने. वर व्यायाम करायचा तर वजन हळूच खाली ठेवायची सवय हवी, आणि घर जुनं असेल तर बांधकाम कळणाऱ्या माणसाला आधी दाखवा. खाली भाडेकरू असतील तर त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, नंतर बोलणं वेगळ्या आवाजात होतं.

आणि ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये रॉडला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा चटका बसतो. माझी वेळ मार्च ते जून पहाटे साडेपाचची असते. तुम्हाला फक्त दुपारी वेळ मिळत असेल तर पत्र्याखाली जागा करूच नका. घरातली अंधारी, जाड भिंतींची मधली खोली बरी.

३. भोक : सगळ्या खरेदीचा एकच निर्णय

दुकानदार रंग दाखवेल, चकाकी दाखवेल, "एवढ्या वजनाचा पूर्ण सेट" म्हणेल. तुम्ही प्लेटच्या मधलं भोक बघा.

बाजारात दोन दुनिया आहेत. एक लोकल मापाची, जिथे भोक २५ ते ३० मिलिमीटरच्या आसपास असतं, आणि प्रत्येक कारखान्याचं थोडं वेगळं. दुसरी ऑलिम्पिक मापाची, जिथे रॉडचं टोक ५० मिलिमीटर जाड असतं आणि प्लेटचं भोक त्याहून जरासं मोठं. या दोन्हींचं एकमेकांत काहीच बसत नाही. पहिल्या दिवशी ज्या मापात शिराल, त्याच मापात पुढची दहा वर्षं खरेदी करावी लागते.

माझा सल्ला सरळ आहे : ५० चं माप घ्या. किलोमागे थोडे जास्त पैसे जातात. पण आज जळगावला घेतलेली प्लेट तीन वर्षांनी मेरठहून मागवलेल्या रॉडवर बसते, आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळतं. लोकल मापात मी घेतलेल्या प्लेटा धुळ्याच्या मित्राच्या रॉडवर चढल्या नाहीत. दोन्हींवर "२८ मिलिमीटर" लिहिलेलं होतं.

सापळा असा, की "ऑलिम्पिक" हा शब्द दुकानात फार सैल वापरतात. सात फूट लांब असला की कुठलाही रॉड ऑलिम्पिक होतो, टोक बारीक असलं तरी. म्हणून खिशात दहाचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर. प्लेटच्या भोकात ते अडकलं किंवा जेमतेम पार झालं, तर माल लोकल आहे. अलगद पडलं आणि आजूबाजूला भरपूर जागा उरली, तर ५० चा. दुकानदाराशी वाद घालायची गरजच पडत नाही.

लोकल माप कधी घ्यावं? फक्त हाताच्या डंबेलसाठी. दोन छोटे रॉड आणि थोड्या प्लेटा एवढ्यापुरतं ठीक आहे. तिथेही टोकाला आटे असलेला आणि नटाने कसायचा रॉड बघा. सरकून बसणारं साधं स्प्रिंग लॉक डंबेलवर लवकर ढिलं होतं.

४. रॉड : पैसे इथे घाला

माझ्या सगळ्या खर्चातला सगळ्यात मोठा एकटा वाटा रॉडचा होता आणि तो बरोबर होता. प्लेट म्हणजे शेवटी वजनाचा ठोकळा. रॉडला मात्र वाकायचं नसतं, हातात फिरायचं असतं आणि घामात निसटायचं नसतं.

पुरुषांचा प्रमाणित रॉड २० किलोचा, हातात धरायचा भाग २८ मिलिमीटर जाड. स्त्रियांचा १५ किलोचा, लांबीला २०१ सेंटीमीटर आणि धरायला २५ मिलिमीटर. मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलो गटात क्लीन-जर्कला ११५ किलो उचललं ते याच बारीक रॉडवर. हात लहान असतील तर हा बारीकपणा फार कामाचा आहे. माझी बहीण माझ्या रॉडवर डेडलिफ्ट करताना बोटांमुळे थांबायची, पाठीमुळे नाही. घरात बायका-मुलीच जास्त उचलणार असतील तर १५ चा घ्या. पुरुषालाही सुरुवातीला तो कमी पडत नाही.

दुकानात रॉड असा तपासा :

- वजन. "वीस किलो" म्हणून विकलेला रॉड काट्यावर सतरा भरलेला मी पाहिलाय. काट्यावर ठेवल्याशिवाय मानू नका.
- सरळपणा. दोन सारख्या उंचीच्या बेंचवर टोकं टेकवून रॉड गोल फिरवा आणि मध्यावर नजर ठेवा. मधला भाग वरखाली नाचला तर परत ठेवा.
- टोकं. जाड टोक हाताने फिरवा. ते सहज फिरलं पाहिजे, खडखडायला नको. टोकाच्या तोंडाशी मोठा बोल्ट कसलेला दिसला तर तो काही महिन्यांत सैल होणार, पान्हा जवळ ठेवा. आत सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी, बसवलेली असेल तर बरं.
- नर्लिंग. धरायच्या जागेची खरखरीत जाळी. तळवा ओढून बघा. काचकागदासारखी टोचायला नको, आणि गुळगुळीत तर अजिबात नको, मे महिन्यात हात पाण्यासारखे होतात.

"पाचशे किलो क्षमता" असं स्टिकर असतं. त्याकडे दुर्लक्ष करा. पोलादाचा दर्जा काय, असं विचारा. उत्तर नीट आलं तर दुकान बरं आहे.

पाच फुटी रॉड खोलीत छान बसतो म्हणून घेऊ नका. स्टँडच्या दोन खांबांवर टेकायला टोकांमधला दांडा पुरेसा लांब लागतो. प्रमाणित रॉडचा तो भाग १३१ सेंटीमीटर असतो. पाच फुटी रॉड बहुतेक स्टँडवर नीट बसतच नाही.

५. प्लेटा : किती, कुठल्या आणि खरंच किती किलोच्या

नवशिक्याला एवढं पुरतं : १० किलोच्या दोन, ५ च्या दोन, अडीचच्या चार, सव्वाच्या दोन. बेरीज साडेबेचाळीस. रॉड धरून साडेबासष्ट किलो. यात पहिले तीनेक महिने जातात. नंतर पायाच्या व्यायामाला २० किलोची एक जोडी घ्या.

दुकानात सव्वाच्या प्लेटा नसतात किंवा दुकानदार "त्या कशाला?" म्हणतो. त्या हव्यातच. दोन सव्वाच्या लावल्या की अडीच किलो वाढतात, आणि वाढ अशीच व्हायला हवी. त्या नसतील तर तुम्ही दरवेळी पाच किलोची उडी माराल. पायाला जमेल, खांद्याला जमणार नाही.

माल कुठला? साधं बिडाचं लोखंड सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ. फक्त आवाज करतं आणि फरशी फोडतं. रबर चढवलेली प्लेट घरासाठी सोयीची, मी तीच घेतली. उन्हात काही प्लेटांच्या रबराला महिनोन्‌महिने वास मारतो, म्हणून झोपायच्या खोलीत ठेवायच्या असतील तर नाक लावून घ्या. पूर्ण रबराच्या बंपर प्लेटा डोक्यावरून वजन सोडणाऱ्यांसाठी असतात. आपल्याला आज गरज नाही. सिमेंटच्या प्लेटांबद्दल वर सांगितलंच.

डेडलिफ्टचं एक बारकं. मोठ्या, ४५ सेंटीमीटर व्यासाच्या प्लेटा लावल्या की रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो. लोखंडाची दहा किलोची प्लेट लहान असते, त्यामुळे रॉड खाली जातो आणि उचलताना पाठ वाकते. मोठ्या प्लेटा येईपर्यंत दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या रचून रॉड तेवढ्या उंचीवर आणा.

आता वजनाची गोष्ट. मी दुसऱ्यांदा घेतलेल्या प्लेटा पिशव्यांत घालून ओळखीच्या अडत दुकानात नेल्या, जिथे कापूस आणि दादर (ज्वारी) मोजतात, आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक ठेवली. "१०" लिहिलेली एक नऊ किलो चारशे भरली, तिची जोडीदार दहा शंभर. म्हणजे रॉडच्या एका बाजूला सातशे ग्रॅम जास्त. अडत्या हसून म्हणाला, "भो, आमच्याकडे असं केलं तर शेतकरी मारतील." दुकानदाराने बदलून दिली, कारण पक्कं बिल होतं आणि आठवडा उलटला नव्हता. तेव्हा प्लेटा आल्या त्याच दिवशी मोजा, खडूने खरं वजन मागे लिहा आणि सारख्या वजनाच्या जोड्या लावा. थोडा फरक सगळीकडे असतो. तो दोन्ही बाजूंना सारखा असला की झालं.

जुन्या जिममधून घेताना पौंडाच्या प्लेटा येऊ शकतात. ४५ पौंड म्हणजे २० किलो ४०० ग्रॅम. किलोत आणि पौंडात मिसळ करू नका.

६. स्टँड : फॅब्रिकेशनवाल्याला काय सांगायचं

स्टँड विकत मिळतो, पण खान्देशात तो बनवून घेणं परवडतं. गेट, ग्रिल आणि ट्रॉली बनवणारे चांगले हात जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. मात्र त्यांना व्यायामाचं सामान माहीत नसतं. "गेट करतो तसं करून देतो" असं म्हणून ते अठरा गेजचा पाइप वापरतील. अठरा गेज म्हणजे सव्वा मिलिमीटर. गेटाला ठीक, डोक्यावरच्या शंभर किलोला नाही.

कागदावर लिहून द्या :

१. चौकोनी पाइप, निदान ५० बाय ५०, जाडी ३ मिलिमीटर.
२. दोन खांबांचं बाहेरून बाहेर अंतर ११८ ते १२० सेंटीमीटर.
३. पाया मागेपुढे चार फूट, दोन्ही खांब खालून आणि मागून आडव्या पाइपने जोडलेले. सुटे दोन खांब नकोत.
४. हुक पुढे उंच ओठाचे, आतून रबर लावलेले. ट्रकच्या जुन्या मडफ्लॅपचा तुकडा उत्तम.
५. सेफ्टी आर्म, म्हणजे वजन हातातून गेलं तर झेलणारे दोन आडवे हात, निदान दोन फूट लांब, वरखाली करता येणारे.

दुसरा मुद्दा मी पहिल्यांदा चुकवला. "साडेचार फूट" असं तोंडी सांगितलं. ते १३७ सेंटीमीटर झालं. रॉडचा दांडा १३१ चा. स्टँड घरी आला, रॉड ठेवला, आणि जाड टोकंच हुकांवर बसली. प्लेट लावायला जागाच उरली नाही. चूक माझी होती, त्यामुळे कापून परत जोडायचे पैसे मीच दिले. आता कुणी विचारलं तर सांगतो, रॉड सोबत घेऊन जा आणि त्याच्यावरच माप घ्यायला लावा.

हे लोक किलोवर भाव करतात, त्यामुळे जाड पाइपाने किंमत वाढते. वाढू द्या. वेल्डिंग झाल्यावर रेड ऑक्साइड, त्यावर रंग. घरी आणल्यावर पहिले दोन दिवस पोती लादून ठेवा, तुम्ही उचलणार त्याच्या दुप्पट वजनाची, आणि जोड तपासा.

सेफ्टी आर्मशिवाय एकट्याने बेंच प्रेस करू नका. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं. छातीवर रॉड अडकला आणि शेडमध्ये कुणी नसलं तर काय होतं ते मला साठ किलोत कळलं. त्या दिवशी मी प्लेटांना लॉक लावले नव्हते, म्हणून रॉड एका बाजूला कलवून प्लेटा पाडता आल्या. शेजारचे काका धावत आले. त्यांना वाटलं पत्रा पडला. सेफ्टी आर्म नसतील तोवर बेंच प्रेसऐवजी जोर काढा, किंवा जमिनीवर आडवं होऊन डंबेलने करा.

७. बेंच आणि जमीन

बेंच सपाट घ्या. वरखाली होणारा स्वस्त बेंच हलतो. उंची ४२ ते ४५ सेंटीमीटर, म्हणजे पाय जमिनीवर पूर्ण टेकतात. फोम कडक हवा आणि खाली प्लाय हवी, भुशाचा बोर्ड नको. सांगाडा फॅब्रिकेशनवाल्याकडून आणि गादी सीट कव्हर करणाऱ्याकडून, असा माझा बेंच दोन दुकानांत तयार झाला.

जमिनीसाठी जिमच्या दुकानात जाऊ नका. गोठ्यात म्हशींखाली घालायच्या जाड रबरी मॅट मिळतात, त्या घ्या. म्हशीचं वजन सोसतात, तुमचंही सोसतील. खाली कोबा असेल तर एवढं पुरे. शहाबादी फरशी असेल तर मॅटखाली जाड प्लाय टाका, नाहीतर पहिल्याच डेडलिफ्टला फरशीला तडा जाईल आणि घरात जे ऐकावं लागेल ते वजनापेक्षा जड असतं.

८. हे अजून घेऊ नका

हातमोजे, कमरेचा पट्टा, घाम काढणारा प्लास्टिकचा जॅकेट, पोटाची यंत्रं, एकाच जागी पंधरा व्यायाम करणारी मल्टिजिम. पट्ट्याची गरज पडेल तेव्हा तुम्हाला कळेल. आज पाठ शिकू द्या.

बूट सपाट तळाचे, किंवा अनवाणी. पळायचे मऊ बूट घालून जड बैठक काढणं म्हणजे गादीवर उभं राहून पाणी भरणं. हाताला लावायला मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मिळते, ती घ्या. शाळेचा खडू किंवा टाल्कम पावडर चालत नाही, टाल्कमने तर रॉड उलट निसटतो.

९. खरेदी, बिल्टी आणि कागद

तीन वाटा आहेत. जवळचं दुकान महाग पडतं, पण हात लावून बघता येतं आणि बदलून मिळतं. रॉड मी असाच घेतला. मेरठ आणि जालंधर ही खेळाच्या सामानाची मोठी ठिकाणं. तिथून प्लेटा मागवल्या तर किलोमागे भाव कमी पडतो, पण भाडं जोडून मगच तुलना करा. लोखंडाचं भाडं वजनावर असतं. तिसरी वाट म्हणजे बंद पडलेली जिम. तिथे प्लेटा डोळे मिटून घ्या, रॉड डोळे उघडे ठेवून.

ट्रान्सपोर्टने मागवताना पैसे भरण्याआधी विचारा : भाडं कुणी भरायचं? माल घरपोच की गोडाऊनवर? माझा माल गोडाऊनवर आला, आणि घरापर्यंत आणायला छोटा हत्ती, शिवाय हमाली. हे दोन खर्च किमतीत कुणी सांगत नाही.

जवळ ठेवायचे कागद आणि वस्तू :

- पक्कं बिल, ज्यावर प्रत्येक वस्तूचं वजन आणि माप लिहिलेलं आहे. "जिम सामान १ नग" असं बिल परत करा.
- मागवताना झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट, भोकाच्या मापासकट.
- बिल्टीची, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीची, प्रत. माल घेताना खोकं फाटलेलं असेल तर सही करण्याआधी बिल्टीवर तसं लिहा.
- खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ.
- मोजपट्टी, दहाचं नाणं, खडू, पान्हा.

१०. सामान सांभाळणं

खान्देशात आठ महिने कोरडे असतात, तेव्हा गंजापेक्षा धूळ त्रास देते. नायलॉनच्या ब्रशने नर्लिंगमधली धूळ आणि पूड काढा. पाऊस लागला की महिन्यातून दोनदा शिलाई मशीनचं तेल फडक्यावर घेऊन रॉड पुसा आणि मग कोरड्या फडक्याने पुन्हा पुसा. टोकाच्या फटीत दोन थेंब सोडा. व्यायाम झाला की प्लेटा रॉडवरून काढून ठेवा, लावून तसंच सोडलं तर स्वस्त रॉड वाकतो. आणि लहान मुलं घरात असतील तर प्लेटा भिंतीला उभ्या टेकवून ठेवू नका. आडव्या, एकावर एक.

सुरुवात रिकाम्या रॉडने. तीन दिवसांचा आठवडा, दरवेळी पाच-पाचच्या तीन फेऱ्या, फेरी नीट झाली तर पुढच्या वेळी अडीच किलो. रिकामा रॉड डोक्यावर ढकलायला जड गेला तर परत पाइप घ्या, त्यात लाज नाही. बहिणीने सहा आठवडे पाइपच वापरला. आज ती पन्नास किलो डेडलिफ्ट करते आणि मला फॉर्म सांगते.

जुन्या सिमेंटच्या प्लेटा विकायचा प्रयत्न केला. भंगारवाल्याने उचलून पाहिली, ठोकली, आणि म्हणाला, याचं काय करू? रॉड तेवढा नेला. प्लेटा गच्चीवर आहेत. उन्हाळ्यात आई ज्वारीचे बिबडे वाळत घालते, तेव्हा वाऱ्याने साडी उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार प्लेटा ठेवते. पाचवी, ती तडकलेली, माठाखाली आहे.